आधी मोडलं, मग पडले

बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलाशी बसणाऱ्याला फोन जवळ ठेवायची परवानगी नसते. नजर एकदा हलली की तडा गेलेली बाटली पुढे सरकते आणि कुणाच्या तरी औषधात काचेचा कण जातो. म्हणून शुक्रवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी पर्यवेक्षक स्वतः उठून धाकटीच्या टेबलापाशी आला आणि "घरून फोन आहे" एवढंच म्हणाला, तेव्हा ती हातातली बाटली तशीच ठेवून उठली. दीड वर्षापूर्वी तो असाच आला होता. तेव्हा बाबा गेले होते.

"ताई, आजी पडल्या," फोनवर लंबी रडत होती. "स्वयंपाकघरात. पाय वाकडाच पडलाय हो, हलवताच येत नाहीये..."

मागून आईचा आवाज आला. दुखण्याने चिरकलेला, पण नेहमीसारखा दुसऱ्याची चूक सुधारणारा. "पडले नाही म्हणावं! आधी मोडलं, मग पडले. नीट सांग तिला."

लंबी म्हणजे रविवारसकट रोज दिवसभर आईसोबत राहणारी बाई. पाच वर्षांपूर्वी कामाला आली तेव्हा बाबांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "ही आत आली की दार वाकून नमस्कार करतं." तेव्हापासून ती लंबी. तिचीही त्याला हरकत नव्हती. धाकटी पन्नाशीला आली तरी घरात धाकटीच होती, तसंच ते.

हॉस्पिटलात पोचेपर्यंत आईच्या पायाचा एक्स-रे फोटो काढून झाला होता. डावी मांडी सुजून दुधीभोपळ्याएवढी झालेली, पाय वाळूच्या पिशव्यांमध्ये स्थिर ठेवलेला. एक तरुण डॉक्टर हातात फॉर्म घेऊन उभा होता. फॉर्मवरचे सगळे रकाने त्याने भरले होते, एक सोडून. 'दुखापत कशी झाली'.

"पुन्हा सांगा आजी. काय करत होतात?"

"पातेलं शेगडीवरून उतरवलं. ओट्याकडे वळले. आत काहीतरी वाजलं. कोरडी फांदी वाजते तसं. मग खाली आले."

"मांडीचं हाड आहे आजी हे. अंगातलं सगळ्यात दणकट. गाडीची धडक बसली तर मोडतं. गच्चीवरून पडलं तर मोडतं. पातेलं घेऊन वळताना मोडत नाही."

"मग मोडलं ते तुमच्या पुस्तकाला कळवा," आई म्हणाली आणि तिने डोळे मिटून घेतले.

डॉक्टर हसला नाही. त्याने आईचा उजवा हात अलगद उचलून धाकटीला दाखवला. मनगटावर चार निळे वळ होते, चार बोटांचे. मग त्याने कोपऱ्यात उभ्या असलेल्या लंबीकडे पाहिलं, आणि धाकटीला बाहेर येण्याची खूण केली.

"कारण पटण्यासारखं नसेल तर आम्हाला वर कळवावं लागतं," तो म्हणाला. "म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत नियमच आहे तसा. कुणी ढकललं, कुणी ओढलं... माणसं सांगत नाहीत. ज्याच्या हातून जेवायचं त्याचं नाव कोण घेणार? ऑपरेशन रविवारी सकाळी आहे. तोपर्यंत हा रकाना भरायला हवा."

धाकटीने मान हलवली. रोज सकाळी साडेआठला ती आईला ज्या हातांत सोपवून निघत होती ते हात तिने आजवर कधी निरखून पाहिले नव्हते. आत्ता ते समोर होते, पदराचं टोक पिळत.

दादा दुपारी आला. दोन तासांचा रस्ता त्याने दीड तासात कापला होता. विमा कंपनीत दावे तपासण्यात त्याचे केस पांढरे झाले होते, आणि समोरचा खोटं बोलतोय असं धरूनच सुरुवात करायची त्याची सवय घरीही सुटत नसे. आईच्या कपाळावरून हात फिरवेपर्यंत तो मुलगा होता. वळ पाहिले आणि तो साहेब झाला.

"हे कुणाचे?"

"माझेच, दादा," लंबी म्हणाली. "खाली जाताना मी धरलं त्यांना."

"धरलंस की ओढलंस?"

"अरे, धरलं रे तिने," आई अंथरुणातून म्हणाली. "नाहीतर डोकं आपटलं असतं ओट्यावर."

"आई, तू गप्प पड. तुला सगळे चांगलेच वाटतात." तो लंबीकडे वळला. "हे बघ, मी रोज दहा माणसं पाहतो. तू काहीतरी लपवते आहेस. खरं की नाही?"

लंबीने 'नाही' म्हणायला हवं होतं. कुणीही म्हटलं असतं. तिने आईकडे पाहिलं. आईने तिच्याकडे पाहिलं, आणि पापण्या अगदी जराशा हलवल्या. मग लंबीच्या तोंडाला कुलूपच लागलं. दादाला ती नजर दिसली नाही, तो तिच्या हातांकडे बघत होता. धाकटीला दिसली. बाटलीच्या काचेतली केसाएवढी रेघ पकडण्यात तिची सत्तावीस वर्षं गेली होती.

"बघितलंस?" दादा म्हणाला. "बाहेर बस जा. आणि कुठे जाऊ नकोस."

लंबी जिन्याखालच्या बाकावर जाऊन बसली. ती तिथे रात्री आठपर्यंत होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुन्हा.

शनिवारी सकाळी मोठ्या सर्जनबाई आल्या. साठीच्या, बुटक्या, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी आईला पाय, पडणं, पातेलं यातलं काहीच विचारलं नाही.

"याआधी मांडी दुखत होती का, आजी?"

"चार-पाच महिने झाले. ठणकते. चालताना जास्त."

"हीच?"

"दोन्ही. म्हातारपण आहे बाई, कुठे कुठे म्हणून रडत बसायचं?"

'दोन्ही' म्हटल्यावर सर्जनबाईंनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. "उजव्या मांडीचा फोटो काढलाय?" त्यांनी तरुण डॉक्टरला विचारलं.

"नाही मॅडम. दुखापत डावीला..."

"काढा. आत्ता. आणि त्या पायावर त्यांना टेकू देऊ नका. अगदी एक क्षणसुद्धा." मग आईकडे वळून, "औषधं कोणकोणती घेता?"

"लेक सांगेल. तिच्याकडे यादी आहे," आई म्हणाली आणि भिंतीकडे पाहू लागली.

यादी होतीच. धाकटीने ती टाइप करून प्लॅस्टिकच्या पाकिटात घातली होती. रक्तदाबाची सकाळी, थायरॉइडची त्याआधी, कॅल्शियम रात्री. दर शनिवारी संध्याकाळी ती स्वतः सात खणांच्या डबीत गोळ्या भरत असे. बाबा गेल्यापासून तर डोळ्यांत तेल घालून. एक माणूस हातातून निसटलं होतं, दुसरं निसटू द्यायचं नव्हतं.

फोटोच्या खोलीत भिंतीवर पांढरा उजेडाचा चौकोन होता. कारखान्यात तिच्या टेबलामागे असतो तसाच. सर्जनबाईंनी त्यावर आधी डाव्या मांडीचा फोटो लावला. हाड मधोमध मोडलं होतं. तुकडे नव्हते, पीळ नव्हता. बाहेरच्या कडेपासून आत जाणारी एक आडवी, सरळ चीर, आणि आतल्या बाजूला चोचीसारखं निघालेलं टोक.

धाकटीच्या तोंडून निघून गेलं, "ही आपटून फुटलेली नाही."

"काय म्हणालात?"

ती ओशाळली. "मी बाटल्या तपासते. आपटून फुटली की जिथे मार बसतो तिथे चांदणी उमटते, आणि चारी बाजूंना चिरा पळतात. आणि एक प्रकार असतो... काच भट्टीतून काढून नीट सावकाश थंड केली नाही, तर तिच्या पोटात ताण राहतो. वरून ठणठणीत दिसते. मग एक दिवस फळीवर नुसती उभी असताना तडकते. तिची चीर अशी असते. स्वच्छ. एका जागी सुरू झालेली."

सर्जनबाई तिच्याकडे वळल्या. मग त्यांनी शेजारी दुसरा फोटो लावला. उजव्या मांडीचा, आत्ताच काढलेला. "मग इथे काय दिसतं तुम्हाला?"

हाड अखंड होतं. धाकटीची नजर सवयीने कडेकडेने वर सरकत गेली. बाहेरच्या कडेला, डाव्या हाडाच्या तडकलेल्या जागेच्या अगदी समोर, एक बारीकसा उंचवटा होता. बोटाच्या पेरावर घट्टा पडावा तसा. आणि त्या उंचवट्यात केसाएवढी काळी रेघ.

"इथे तडा आहे," ती म्हणाली. "हाही जाणार आहे."

"हो. आज, उद्या, किंवा संडासला उठताना." सर्जनबाईंनी खुर्ची ओढली. "आता ऐका. पडून दोन्ही मांड्या एकाच जागी तडकत नाहीत. त्या बाईने तुमच्या आईला काही केलेलं नाही, हे मी लिहून द्यायला तयार आहे. पण मला कारण हवं. असं चित्र मी सात-आठदा पाहिलंय. प्रत्येक वेळी एकच कारण. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी असते. ती घेतात का?"

"हाडांच्या गोळीनेच हाड मोडतं?"

"फार वर्षं घेतली तर. क्वचित, पण मोडतं. असं समजा की हाडात सतत डागडुजी चालू असते. एक टोळी जुनं खणून काढते, दुसरी नवं भरते. म्हातारपणी खणणारी टोळी माजते, हाड विरळ होतं. ही गोळी त्या टोळीला बसवून ठेवते. चार-पाच वर्षं उत्तम. हजारोंची कंबर वाचते. पण त्यापुढेही बसवून ठेवली, तर रोजच्या चालण्याने पडणारे बारीक तडेसुद्धा कुणी खणून काढत नाही. हाड भरीव दिसतं, आणि आतून..." त्यांनी उजेडाच्या चौकोनाकडे हात केला.

"घ्यायची ती," धाकटी म्हणाली. "आठ वर्षं घेतली. पण चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी बंद केली. मीच तर काढली डबीतून."

"चार वर्षं?"

"पुरी चार. त्यानंतर एकही नाही."

सर्जनबाईंचा चेहरा पडला. धाकटीला वाटलं होतं, बंद आहे हे ऐकून त्यांना बरं वाटेल.

"मग जुळत नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "बंद केल्यावर हा धोका झपाट्याने उतरतो. चार वर्षांनी असं व्हावं, तेही दोन्हीकडे... मग मला दुसरं काहीतरी शोधावं लागेल. गाठ, कॅन्सर. आणि ते शोधेपर्यंत मी उद्या हात लावू शकत नाही. गोळी असेल, तर उद्या दोन्ही हाडांत सळ्या घालते, महिन्याभरात आजी काठीने चालतील. पण गाठ असेल आणि मी न कळता सळई घातली, तर ती गाठ मीच हाडभर पसरवीन. तपासायचं तर आठ-दहा दिवस पाठीवर पडून राहायचं. या वयात दहा दिवस पाठीवर म्हणजे छाती भरते, रक्त गोठतं. आगीतून फुफाट्यात." त्यांनी घड्याळ पाहिलं. "पाच वाजेपर्यंत मी इथे आहे. विचार करा. कुठे काही राहिलंय का बघा. कुठलीही गोळी, इंजेक्शन, काढा, काहीही."

बाहेर दादाने सगळं ऐकलं आणि कॅन्सर या शब्दावर खाली बसला. लंबीचा विषय त्याच्या डोक्यातून क्षणभर गेला. धाकटीच्या डोक्यात मात्र तोच राहिला. लंबीने काही केलेलं नव्हतं, तर मग काल ती लपवत काय होती?

जिन्याखालच्या बाकावर लंबी तशीच बसली होती. धाकटी तिच्याशेजारी बसली.

"लंबे, तू आईला पाडलं नाहीस. मोठ्या डॉक्टरांनीच सांगितलं."

लंबीचे खांदे एकदम उतरले.

"मग काल गप्प का बसलीस?"

"ताई, मी शब्द दिलाय. आजोबांनाही दिला होता. गेलेल्या माणसाला दिलेला शब्द... तो परत कुणाला द्यायचा?"

"आईचा दुसरा पाय मोडायच्या बेतात आहे."

लंबीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग बोटांच्या फटीतून म्हणाली, "मी काही सांगणार नाही. पण तुम्ही घरी चालला असाल तर आजोबांची पिशवी बघा. दारामागची. मी सांगितलं नाही हां."

बाबा पोस्टमन होते. निवृत्त झाले त्या दिवशी कातडी पिशवी त्यांनी दारामागच्या खुंटीला अडकवली होती आणि ती तिथून हलवायची कुणाची छाती झाली नव्हती. घरात शिरल्यावर धाकटी आधी स्वयंपाकघरात गेली. पातेलं तसंच पालथं पडलेलं होतं. ते तिने उचलून ठेवलं. मग खुंटीकडे वळली. दीड वर्षात तिने त्या पिशवीला हात लावला नव्हता, कारण पिशवीला अजून बाबांचा वास येत असणार याची तिला खात्री होती. येत होता. घामाचा, डिंकाचा.

पुढच्या कप्प्यात बाबांचा चष्मा होता. मागच्या कप्प्यात रबर लावलेला एक जुडगा. रिकामी पाकिटं, एकेका पाकिटात चार गोळ्यांचे चार फुटलेले फुगे. चार वर्षं दर आठवड्याला एक, म्हणजे पन्नास-बावन्न पाकिटं, आणि ती सगळी तिथे होती, नीट रचलेली, जुनी खाली, नवी वर. बाबा कधीच काही फेकत नसत. त्यांच्यानंतर ते काम कुणीतरी तितक्याच नेटकेपणाने पुढे चालवलं होतं. सगळ्यात वरच्या पाकिटात दोन गोळ्या शिल्लक होत्या. ते या वर्षी बनलेलं होतं.

धाकटी बाबांच्या खुर्चीत बसली.

रविवार. सकाळी सात. तिला एकदम सगळं आठवलं. गोळीचा नियमच होता, उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची, आणि मग अर्धा तास ताठ बसायचं. आडवं व्हायचं नाही, चहा नाही, खाणं नाही. आईला पहाटेच चहा लागे, तिला तो अर्धा तास खायला उठे. म्हणून बाबा समोर बसत आणि थापा मारत. पत्ता नसलेलं पाकीट त्यांनी नुसत्या वासावरून कसं पोचवलं. रजिस्टर पत्राची सही पंजाने करणारा कुत्रा. एका घरी पत्र लिहिण्याआधीच उत्तर आलं होतं ते. आई म्हणे, "पुरे झालं, खोटारडे कुठले," आणि हसताना तिचं ताठ बसणं मोडे, मग बाबा घड्याळ दाखवून ओरडत, "सरळ! अजून अकरा मिनिटं!" घरात त्याला थापांचा अर्धा तास म्हणत. गोळी बंद झाल्यावरही दोघं रविवारी तशीच बसलेली धाकटीने कितीदा पाहिली होती. तिला वाटलं होतं, सवय.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. डबी तिने भरली होती, यादी तिने टाइप केली होती, आणि घरातलं खरं औषध दारामागे खुंटीवर लटकत होतं.

पावणेचारला ती आईच्या पलंगाशी उभी होती. तिने जुडगा चादरीवर ठेवला. दादा काही विचारणार होता, तिने हात वर केला.

आईने जुडग्याकडे पाहिलं. "लंबीने सांगितलं?"

"नाही."

"तिला बोलू नका. मी लावलं तिला आणायला. कोपऱ्यावरचा औषधवाला तुझ्या बाबांना तीस वर्षं ओळखायचा. कागद मागायचा नाही."

"आई, डॉक्टरांनी बंद केली होती. मी तुझ्यासमोर काढली डबीतून."

"काढलीस. मग पुढच्या रविवारी तुझे बाबा म्हणाले, आठ वर्षांत हाड मोडलं नाही ते हिच्यामुळेच, थोडी जास्त ताकद आली तर काय बिघडलं? पिशवीतून काढून दिली मला." आईने पाकिटावर बोट फिरवलं. "माझी बहीण कंबर मोडून गेली, तुला माहितीये. ती भीती होतीच. पण खरं सांगू?"

"सांग."

"गोळी घेतली की अर्धा तास बसावंच लागायचं. त्यांनाही, मलाही. गोळीशिवाय बसलो असतो तर नुसते दोन म्हातारे बसलो असतो. एक पेपर घेऊन, एक जपमाळ घेऊन."

"आणि ते गेल्यावर?"

"ते गेल्यावर काय? सातला गोळी घ्यायची, त्यांच्या खुर्चीसमोर बसायचं. जुन्या थापा आठवायच्या. लंबी स्वयंपाकघरात भांडी वाजवायची नाही तेवढा वेळ."

दादा खिडकीकडे तोंड करून उभा होता.

धाकटीला राग आला होता. इतका, की तिला पलंगाची कड धरावी लागली. आईवर नव्हता. ज्या माणसासाठी ती दीड वर्ष रोज बसमध्ये तोंड खिडकीकडे करून रडत होती, त्या माणसावर होता. आणि त्याच्याशी आता भांडताही येणार नव्हतं. चार वर्षं. एक शब्द नाही सांगितला. टपालखात्यात जन्म गेला, आणि एवढा एक निरोप पोचवला नाही.

"डॉक्टरांना सांगायलाच हवं, आई."

"सांग. पण त्यांचं नाव नको घालूस फॉर्मात. माझंच घाल. म्हातारी अडाणी होती, तिने आपल्या मनाने घेतली, असं लिही."

"तू अडाणी नाहीस."

"मग वेडी लिही. त्यांचं नको."

सर्जनबाईंनी जुडगा हातात घेतला. एकेक पाकीट उलटून तारखा पाहिल्या. "बारा वर्षं," त्या म्हणाल्या. "सलग बारा. अति तिथे माती म्हणतात, ते खोटं नाही. देवा!" आणि त्यांनी चष्मा कपाळावर सारला. सुटकेनेच सारला असावा. "उद्या सकाळी. दोन्ही. हाडाचा नमुना तरी तपासायला पाठवीनच, पण आता मला झोप लागेल. हे कुणी जपून ठेवलं?"

"माझ्या वडिलांनी," धाकटी म्हणाली. "आणि त्यांच्यानंतर त्या बाहेर बसलेल्या बाईंनी."

तरुण डॉक्टरने फॉर्म पुढे केला. तो रिकामा रकाना तिने स्वतः भरायला घेतला. पेन टेकवून ती बरीच थांबली. मग लिहिलं, 'हाड वळताना मोडले, त्यानंतर रुग्ण पडली. हाडांची साप्ताहिक गोळी बारा वर्षे चालू होती. चार वर्षांपूर्वी बंद करण्यास सांगितले होते. घरातल्यांच्या हातून बंद झाली नाही.'

डॉक्टरने वाचलं. "घरातल्यांच्या म्हणजे? कुणाच्या?"

"सगळ्यांच्या," ती म्हणाली आणि खाली सही केली.

बाहेर दादा जिन्याखाली बाकापाशी उभा होता. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालेल्या माणसाला आता कुठून सुरुवात करावी ते कळत नव्हतं. माफी मागणं त्याच्या धंद्यात बसत नसे.

"लंबे," तो घसा खाकरून म्हणाला, "चहा घेतेस का?"

लंबी त्याच्याहून चार बोटं उंच होती. ती उठून उभी राहिली आणि वरून त्याच्याकडे पाहिलं. "घेते. साखर जास्त सांगा. कालपासूनची राहिलीये."

रविवारी सकाळी आईला ऑपरेशनच्या खोलीबाहेर ढकलगाडीवर आणून ठेवलं. हिरवी टोपी तिला मोठी होत होती, सारखी भुवयांवर येत होती. आत अजून तयारी चालली होती. दादा आणि लंबी दोन पावलं मागे थांबले.

"किती वाजले?" आईने विचारलं.

"सातला दोन मिनिटं आहेत."

"बारा वर्षांत पहिल्यांदा या वेळेला आडवी आहे मी." ती हसली नाही. छताकडे बघत होती. चादरीखाली तिची बोटं जपमाळ ओढत असल्यासारखी हलत होती. "घाबरले गं मी. बहीण अशीच आत गेली होती."

धाकटीने तिचा हात धरला. सर्व काही ठीक होईल, हे वाक्य तिने बाबांना सांगितलं होतं.

"थाप मार एखादी," आई म्हणाली.

"मला नाही येत."

"मार. अजून अर्धा तास आहे."

धाकटीने दाराकडे पाहिलं. मग वाकून आईच्या कानापाशी म्हणाली, "काल मी घरी गेले ना, तेव्हा दाराखाली एक पत्र पडलं होतं. बाबांचं."

 आईची बोटं थांबली.

"चार वर्षांपूर्वी टाकलेलं. पाकिटावर सतरा शिक्के. पत्ता चुकला होता, म्हणून गावोगाव हिंडत बसलं."

"तीस वर्षं पत्रं वाटलेला माणूस स्वतःच्या घराचा पत्ता चुकेल?"

"घाईत होते."

"काय लिहिलंय?"

"लिहिलंय, ती गोळी घेऊ नकोस. थोडी जास्त ताकद वगैरे मी म्हणालो, ती थाप होती. तू तशीही बसली असतीस का समोर, हे विचारायचं धाडस झालं नाही."

आईच्या डोळ्यांच्या कडेतून पाणी निघून टोपीत गेलं. "खोटारडे कुठले," ती म्हणाली.

दार उघडलं. दोन माणसांनी गाडी आत ढकलली. लंबीने टोपी शेवटची एकदा सारखी केली.

साडेतीन तास लागले. सर्जनबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या गालांवर मास्कचे वळ होते. दोन्ही सळ्या बसल्या होत्या, गाठीसारखं डोळ्यांना काही दिसलं नव्हतं. "उजवं हाड वेळेवर धरलं," त्या म्हणाल्या. "हात लावला तेव्हा ते मोडायलाच टेकलं होतं." दादा त्यांचे हात धरून उभा राहिला, सोडेचना.

आईला शुद्ध आली तेव्हा दुपार कलली होती. ओठ सुकलेले, जीभ जड. तिने आधी लंबीला पाहिलं, मग दादाला. मग धाकटीवर नजर आली तशी तिच्या कपाळाला आठी पडली, अर्धवट सोडलेलं काम आठवावं तशी.

"त्या पत्रात," ती पुटपुटली, "पुढे काय होतं?"

धाकटीने खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि ताठ बसली.